कापूसकोंड्याची गोष्ट आणि ‘आफ्टरनून’

सुरुवात एका प्रश्नानं करू. कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

(सभागृहातून ‘हो’.)

हो काय म्हणता, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

(हशा.)

बघा, तुम्ही हसलात. पुढं काय होणार हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुम्ही ‘नको’ म्हणाल, तर आम्ही म्हणू, ‘नको काय म्हणता’. गप्प बसाल, तर ‘गप्प काय बसता’. लहानपणी आजीनं किंवा मोठ्या भावंडांनी हा छळ आपल्यातल्या सगळ्यांचा केलेला आहे. ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी उत्तर द्यायची मुभा, आणि कुठल्याही उत्तरानं काहीही बदलत नाही. गोष्ट सुरूच होत नाही, म्हणून ती संपतही नाही.

आजचा विषय हायपरटेक्स्ट कथा हा आहे. या कथांबद्दल गेली तीस-पस्तीस वर्षं एक वाक्य सारखं ऐकू येतं, की इथे वाचक स्वतःची गोष्ट स्वतः घडवतो. आम्ही काही मित्रमंडळी गेली काही वर्षं एकत्र बसून या कथा वाचतो आहोत. आमचं मत असं झालं आहे की हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. पण ते खोटं म्हणून टाकून द्यावं, असंही नाही. वाचक काहीतरी घडवतो, नक्की घडवतो. ते काय, एवढंच आज पाहायचं आहे.

हायपरटेक्स्ट हा शब्द टेड नेल्सन यांचा, १९६५ मध्ये छापून आलेला. आज आपण दिवसभर दुव्यांवर बोट ठेवत असतो, त्यामुळे त्यात नवल वाटत नाही. पण दुव्यांनी जोडलेल्या तुकड्यांची कथा लिहायची, ही कल्पना अमलात आली ती वेब घरोघरी पोचण्याच्या आधी. मायकेल जॉइस हे कादंबरीकार मिशिगनमधल्या जॅक्सन इथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवत होते. जे डेव्हिड बोल्टर यांच्याबरोबर ते ‘स्टोरीस्पेस’ नावाचं सॉफ्टवेअर घडवण्यात गुंतले होते. त्यात त्यांनी ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ लिहिली. १९८७ मध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली, आणि १९९० मध्ये ईस्टगेट सिस्टिम्स या प्रकाशकानं फ्लॉपीवर विकायला काढली. हो, फ्लॉपीवर. तरुण मंडळींनी शेजारच्यांना विचारावं.

तिच्यात ५३९ तुकडे आहेत आणि त्यांना जोडणारे साडेनऊशेच्या आसपास दुवे. तुकडा म्हणजे पडद्यावर मावेल एवढा मजकूर, कधी एका वाक्याचा, कधी दोन परिच्छेदांचा. एंटर दाबत गेलं तर एक सरळ वाट मिळते. पडद्यावरच्या एखाद्या शब्दावर दोनदा टिचकी मारली तर दुसरीच वाट उघडते. पण कुठल्या शब्दाखाली वाट आहे, हे दिसत नाही. खाली रेघ नाही, निळा रंग नाही. अंधारात भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधावं, तसं वाचायचं.

आणि कथा? पीटर नावाचा एक माणूस आहे. घटस्फोट झालेला. सकाळी रस्त्यावर त्यानं एक अपघात पाहिला आणि दुपारपर्यंत त्याच्या मनात शंका घर करून बसली, की त्या गाडीत आपली पूर्वीची बायको आणि मुलगा तर नव्हते? मुलाला मरताना आपण पाहिलं असेल का, असा तो प्रश्न आहे. एवढंच कथानक. बाकी सगळं याच्या भोवती फिरतं. त्याचा मालक वर्ट, थेरपिस्ट असलेली लॉली, नॉसिका नावाची आणखी एक स्त्री, जुनी नाती, संशय, बोलणी.

आता गंमत बघा. पहिल्याच पडद्याच्या शेवटी निवेदक विचारतो, हे ऐकायचंय का तुम्हाला? वाचकानं हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं. आमच्यातल्या एका खोडकर गृहस्थांनी पहिल्याच बैठकीत ‘नाही’ दिलं. आता यंत्र बंद पडेल, अशी त्यांची खात्री. तर निवेदकानं आधी समजुतीचे दोन शब्द बोलून घेतले आणि तो पुढे बोलतच राहिला. ते गृहस्थ ताबडतोब म्हणाले, अरे, ही तर कापूसकोंड्याची गोष्ट! आजच्या व्याख्यानाचं शीर्षक त्यांचंच आहे, आम्ही फक्त उचललं.

१९९० च्या दशकात या कथांचं स्वागत फार मोठ्या शब्दांत झालं. ब्राउन विद्यापीठात शिकवणारे जॉर्ज लँडो यांनी १९९२ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ हे पुस्तक लिहिलं. फ्रेंच समीक्षक ज्याची स्वप्नं पाहत होते, ते संगणकानं प्रत्यक्षात आणलं, लेखक आणि वाचक यांच्यातली भिंत ढासळली, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी जूनमध्ये रॉबर्ट कूव्हर यांचा ‘द एंड ऑफ बुक्स’ हा लेख न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत आला. कूव्हर स्वतः मोठे कथाकार. एका ओळीमागून दुसरी ओळ, ही जी पुस्तकाची हुकूमशाही आहे तिच्यातून वाचक सुटला, असा उत्साह त्या लेखात आहे.

या उत्साहाची टिंगल करायची नाही. नवं काही हातात आलं की माणूस असंच बोलतो. पण लँडो ज्यांचा आधार घेतात त्या रोलां बार्त यांच्या ‘एस/झेड’ या १९७० च्या पुस्तकाकडे जरा वळून पाहा. त्यात बार्त बाल्झाकची ‘सारासीन’ ही कथा घेतात आणि तिचे ५६१ तुकडे करतात. लेक्सिया हा त्यांचाच शब्द, हायपरटेक्स्टवाल्यांनी तो तिथूनच घेतला. मुद्दा असा की बाल्झाकची कथा ही साधी, छापील, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाणारी गोष्ट आहे. सुरी वाचकाच्या हातात होती. कुठं कापायचं हे बार्त ठरवत होते. ‘आफ्टरनून’मध्ये तुकडे आधीच कापून, जोडून आलेले. वाचक त्यात नवा दुवा घालू शकत नाही, एक शब्द खोडू शकत नाही. मग जास्त मोकळा कोण?

जॉइस यांना हे पक्कं माहीत होतं. हिंडून पाहण्याचं हायपरटेक्स्ट वेगळं आणि वाचकानं भर घालत बांधत न्यायचं वेगळं, असा भेद त्यांनी १९८८ मध्येच एका निबंधात केला होता. ‘आफ्टरनून’ पहिल्या जातीची. म्हणजे लेखक प्रामाणिक होता, वऱ्हाडी जरा जास्त नाचले.

पुस्तकात किती मोकळीक असते, हे आपण विसरतो. हूलिओ कोर्तासार यांची ‘रायुएला’ आठवा, १९६३ ची. रायुएला म्हणजे लंगडी, आपण टिक्करबिल्ला म्हणतो तो खेळ. १५५ प्रकरणं. सुरुवातीलाच लेखक सांगतो, एक तर पहिल्यापासून छप्पन्नाव्या प्रकरणापर्यंत सरळ वाचा आणि पुस्तक मिटा, नाहीतर त्र्याहत्तराव्यापासून सुरू करून दिलेल्या क्रमानं उड्या मारा. उड्यांच्या वाटेवर पंचावन्नावं प्रकरण येतच नाही. आणि शेवटी १३१ वरून ५८, ५८ वरून पुन्हा १३१, असा फेरा लागतो. आज्ञाधारक वाचक तिथेच फिरत बसेल. पण पुस्तक आपल्या हातात असतं हो! एका पानात अंगठा घालून दुसरं उघडता येतं. गाळलेलं प्रकरण चोरून वाचता येतं. उजव्या हाताखाली किती पानं उरली हे बोटांना कळतं. लेखकाची आज्ञा मोडायची सोय कागदातच आहे.

‘आफ्टरनून’मध्ये ती नाही. शिवाय तिथं पहारे आहेत. म्हणजे असं, की एखादा दुवा तुम्ही अमुक एक तुकडा आधी वाचला असेल तरच उघडतो. नसेल वाचला तर त्याच शब्दावर टिचकी मारून तुम्ही भलतीकडेच जाता आणि दार बंद होतं हे तुम्हाला कळतही नाही. एस्पन ऑर्सेथ या नॉर्वेजियन अभ्यासकानं १९९७ च्या ‘सायबरटेक्स्ट’ या पुस्तकात हेच बजावलं आहे. कुठलंही पान उघडू देणाऱ्या साध्या छापील पुस्तकापेक्षा अशी कथा वाचकाला जास्त बांधून ठेवते. आम्हाला हे पटतं.

इथपर्यंत आलं की बरेच टीकाकार हात झटकून उठतात. वाचकाचं स्वातंत्र्य हा भ्रम, संपलं. आम्हीही पहिल्या दोन बैठकांनंतर असंच उठणार होतो. पण तिसऱ्या बैठकीत एक भांडण झालं, आणि त्या भांडणामुळे आजचं व्याख्यान आहे.

आता जे सांगणार आहोत त्यात कथेतलं गुपित फुटणार आहे. ज्यांना स्वतः वाचायची आहे त्यांनी पाच मिनिटं बाहेर चहा घेऊन यावं.

झालं असं, की आम्ही प्रत्येकानं आपापल्या घरी, आपापल्या वाटेनं वाचायचं ठरवलं होतं आणि भेटल्यावर फक्त एवढंच सांगायचं, की पीटर कसा माणूस आहे. आमच्यातल्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, बिचारा. बाप आहे, घाबरलाय. फोन करायला हात उचलत नाही त्याचा, कारण वाईट बातमी कळेल. दुसरे एक जण म्हणाले, बिचारा कसला, तो सगळं लपवतोय. बाईंना राग आला. त्या म्हणाल्या, कुठं लिहिलंय तसं? आणि खरोखर, त्यांनी वाचलेल्या शंभरेक तुकड्यांत तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

‘व्हाइट आफ्टरनून’ नावाचा एक तुकडा या कथेत आहे. त्याच्यावर पहारा आहे. लॉलीच्या, म्हणजे थेरपिस्टच्या बाजूनं जाणारी वाट तुम्ही धरली असेल तरच तिथे पोचता. जेन येलोलीज डग्लस या अभ्यासिकेनं ही कथा पुन्हा पुन्हा वाचली, प्रत्येक वाचनात तिला वेगळा निष्कर्ष हाती लागला आणि अखेर त्या तुकड्यापाशी पोचल्यावर तिचं वाचन थांबलं. तिच्या मते अपघाताला पीटर स्वतःच कारणीभूत आहे. तो साक्षीदार नाही. आणि हे त्याला आतून माहीत आहे. म्हणून तर तो दिवसभर इकडे फोन, तिकडे फोन करत मूळ प्रश्नापासून दूर पळतो. गाडीत कोण होतं हे कळून घ्यायचं नाही, कारण ते कळलं की पुढचाही प्रश्न येणार.

हे लक्षात आल्यावर त्या न दिसणाऱ्या दुव्यांचा, त्या पहाऱ्यांचा अर्थच बदलतो. आपण म्हणत होतो, लेखक आपल्याला कोंडतोय. पण ज्या मनात आपण फिरतोय ते मनच दारं बंद करून बसलेलं आहे. पीटर जे स्वतःला सांगत नाही ते वाचकाला सहजासहजी कसं सापडेल? आणि वाचक एंटर दाबत सोपी वाट धरतो तेव्हा तो नेमकं तेच करतो जे पीटर करतो आहे. पुढचं, पुढचं, पुढचं. थांबून एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं नाही. छापील कादंबरीत निवेदक काहीतरी दडवतोय हे आपण बाहेरून पाहतो. इथं दडवण्याच्या कामात आपणही हातभार लावलेला असतो, आणि तेही नकळत. आमच्या मते ‘आफ्टरनून’चं मोठेपण इथं आहे. ५३९ तुकडे असण्यात ते नाही. खरं सांगायचं तर त्यातले पुष्कळ तुकडे आम्हाला कंटाळवाणे वाटले. विद्वत्तेचे संदर्भ पेरलेले, उगाच गूढ. नॉसिका या नावापाशी होमर आठवला म्हणून डोळे मिचकावायचे, यात फार काही हाती लागत नाही.

मग वाचक काय घडवतो? घटना नाही घडवत. अपघात झाला तो झालाच. वाचक क्रम घडवतो आणि क्रमातून निवाडा घडतो. बाईंना आधी बापाची भीती भेटली, म्हणून पुढची प्रत्येक गोष्ट त्या भीतीच्या उजेडात दिसली. दुसऱ्यांना आधी मत्सर भेटला. गावात एखाद्या माणसाबद्दल कोणाकडून काय आधी ऐकलं यावर त्याच्याविषयीचं आपलं मत बसतं, तसंच हे.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे थांबणं. आपल्या व्रताच्या कहाण्यांना शेवट ठरलेला असतो. सुफळ संपूर्ण म्हटल्याशिवाय उठायचं नाही, आणि म्हटलं की निःशंकपणे उठायचं. ‘आफ्टरनून’मध्ये शेवटचं पान नाही. जॉइस कथेतच सांगून टाकतात, की गोष्ट पुढं सरकेनाशी झाली, किंवा तिथंच फिरू लागली, किंवा तुम्ही दमलात, की वाचन संपलं. म्हणजे संपवायचं काम वाचकाचं. आपण कुठं उठलो? आपल्याला पटेल असा पीटर मिळाल्यावर? की आणखी खणलं तर आवडणार नाही ते सापडेल, या धास्तीनं? छापील पुस्तक अर्धवट सोडलं तर ते अर्धवट सोडल्याचं आपल्याला माहीत असतं. इथं अर्धवट सोडूनही सगळं कळल्याचं समाधान मिळू शकतं. हे समाधान फसवं आहे आणि आपल्या ओळखीचंही आहे.

आता जरा वेगळी कथा. शेली जॅक्सन यांची ‘पॅचवर्क गर्ल’, १९९५, प्रकाशक तेच, सॉफ्टवेअर तेच. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षसासाठी जोडीदारीण बनवायला घेतली जाते आणि अर्ध्यावर नष्ट केली जाते. जॅक्सन म्हणतात, समजा मेरी शेलीनंच ती पुरी केली तर? कथेचा एक भाग म्हणजे स्मशान. तिथं तिच्या एकेका अवयवाची गोष्ट आहे. हा पाय कुणाचा, ही जीभ कुणाची. डावा पाय एका दाईचा, जिच्या करड्या, टिकाऊ झग्याखाली जहाजाचं गोंदण होतं. इतक्या थोडक्यात एक अख्खं आयुष्य. दुसरा भाग चक्क गोधडी, त्यात शेलीच्या कादंबरीचे, फ्रँक बॉमच्या ओझवरच्या पुस्तकाचे, देरिदाचे तुकडे टाके घालून जोडलेले. मला पुरी पाहायची असेल तर तुम्हीच शिवा, असं ती वाचकाला सांगते.

गोधडी शिवणारी बाई कुठलं ठिगळ कुणाच्या लुगड्याचं हे सांगू शकते. या कथेत तसंच आहे, आणि म्हणून इथं तुकड्यांत वाचणं लादलेलं वाटत नाही. जिचं शरीरच तुकड्यांचं, तिची गोष्ट आणखी कशी सांगणार? भाषा म्हणून विचाराल तर आम्हाला ही ‘आफ्टरनून’पेक्षा जास्त आवडली. पण वाचकाच्या निवडीला इथं धार नाही. आधी पाय वाचला काय, आधी जीभ वाचली काय, कुणावरचा निवाडा बदलत नाही. हिंडायला सुंदर जागा, एवढंच.

निवडीला धार आली ती पुढं, आणि फार साध्या साधनातून. २००९ मध्ये ख्रिस क्लिमस यांनी ‘ट्वाइन’ हे फुकट साधन काढलं. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही त्यात दुव्यांची कथा लिहिता येते, ब्राउझरमध्ये वाचता येते. विद्यापीठांतून हा प्रकार बाहेर पडला तो त्यामुळे. त्यातली एक कथा म्हणजे झोई क्विन आणि सहकाऱ्यांची ‘डिप्रेशन क्वेस्ट’, २०१३ ची. खेळ म्हणा, कथा म्हणा. नैराश्य असलेल्या एका तरुण व्यक्तीचे दिवस. प्रत्येक प्रसंगाखाली पर्याय येतात. मित्रांबरोबर जायचं, घरी बसायचं, वगैरे. पण वरचे एक-दोन पर्याय, सगळ्यात शहाणपणाचे, खोडलेले असतात. वाचता येतात, निवडता येत नाहीत. आजार वाढत गेला की खोडलेले पर्याय वाढत जातात.

गद्य म्हणून यात सांगण्यासारखं काही नाही, काही ठिकाणी माहितीपत्रक वाचल्यासारखं वाटतं. तरी त्या खोडलेल्या ओळीपाशी आमची सगळी बैठक गप्प झाली होती. कारण ती ओळ आपल्याच तोंडची असते. अरे, जरा बाहेर पड, चार लोकांत मिसळ, मनावर घे, होईल सगळं. हे आपण कुणाला ना कुणाला म्हटलेलं आहे. आणि इथं ते पडद्यावर दिसतंय, बोट त्याच्यावर आहे, आणि बोटाखाली काही होत नाही. त्या माणसाला काय करायला हवं हे ठाऊक नव्हतं असं नाही, हे एका क्षणात कळतं. सव्वादोनशे पानांची कादंबरी हे सांगू शकते. बोटाला समजावणं तिला जमत नाही.

म्हणजे पाहा, १९९२ मध्ये जयजयकार झाला तो वाचकाच्या मोकळेपणाचा. आणि आम्हाला ज्या दोन ठिकाणी या प्रकाराची ताकद जाणवली, तिथं दोन्हीकडे वाचकाची मोकळीक अडवलेली आहे. एके ठिकाणी न सांगता, एके ठिकाणी दाखवून.

जाता जाता एक अडचण सांगायला हवी. या जुन्या कथा आता सहज वाचता येत नाहीत. फ्लॉपी गेल्या, सीडी गेल्या, ती यंत्रं गेली. डीन ग्रिगर आणि स्टुअर्ट मोल्थ्रॉप यांनी ‘पाथफाइंडर्स’ नावाचा एक प्रकल्प केला. त्यात जुने संगणक चालू करून त्यावर लेखकांना आणि वाचकांना बसवलं, वाचता वाचता मोठ्यानं बोलायला सांगितलं आणि ते सगळं चित्रित केलं. ‘पॅचवर्क गर्ल’ त्यात आहे. त्यावरचं ‘ट्रॅव्हर्सल्स’ हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. काम मोलाचं आहे. पण पडद्यावर दुसराच कुणी टिचक्या मारतोय आणि आपण नुसते बघतोय, हे पाहताना चमत्कारिक वाटतं. त्यानं डावीकडची वाट घेतली की आपण मनात म्हणतो, अरे उजवीकडे! आणि तो ऐकत नाही.

एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर. त्या शिक्षिका बाईंचं पुढं काय झालं?

त्यांनी ‘आफ्टरनून’ आणखी तीनदा वाचली. लॉलीच्या वाटेला त्या अजून गेलेल्या नाहीत. पीटर निर्दोष आहे यावर त्या ठाम आहेत आणि त्यांच्याकडे पुरावे आहेत, शब्दांवर बोट ठेवून दाखवतात. तो तुकडा त्यांना दाखवायचा की नाही, यावर आमच्यात दोन तट पडले होते. आता या व्याख्यानाचं शब्दांकन त्या वाचतीलच, तेव्हा तो वाद मिटला. त्यांचा फोन येईल, त्याची वाट बघतोय.